तुम्ही विचारलंत म्हणून: डोळ्यात गॅस, मग मान वाकडी का?

माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता आणि आत गॅस भरून तो बसवला, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "गॅसने पडदा चिकटतो कसा हो? आणि मान वाकडी कशाला धरायची?"

गॅस काही चिकटवत नाही. पडद्याला चीर पडते, तिच्यातून डोळ्यातलं पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटत जातो. बुडबुडा ती चीर आतून झाकतो, एवढंच. नवं पाणी शिरायचं थांबलं की मागे साचलेलं पाणी पडद्यामागचा पेशींचा थरच ओढून घेतो. चिकटवायचं काम लेसरचं, नाहीतर क्रायोचं, म्हणजे ती जागा गोठवण्याचं. त्याचा व्रण पक्का होईपर्यंत बुडबुडा चिरेवरच टेकलेला हवा.

आणि तो गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखा, कायम वर पळणारा. माझी चीर वरच्या भागात, कानशिलाकडे, म्हणून मान डावीकडे कलती. जेवतानाही, झोपतानाही. तळाच्या चिरेला ही पद्धत सहसा वापरत नाहीत; माणसाला उलटं टांगणार कोण?

सुई टोचून भरतात तो गॅस अर्ध्या मिलिलिटरच्या आसपासच असतो, पण आत गेल्यावर फुगतो. दोन गॅस वापरतात: एसएफ६ साधारण दुप्पट होतो, सी३एफ८ चौपट. पहिला दोनेक आठवड्यांत विरतो, दुसरा सहा-आठ आठवडे रेंगाळतो. तोवर विमान वर्ज्य. उंचावर हवेचा दाब घटतो, बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब वाढून पडद्याचा रक्तपुरवठाच थांबू शकतो. घाट चढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारावं. भूल द्यायची वेळ आली तर गॅसचं सांगावंच. भुलीत वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो.

"मग मोठं ऑपरेशनच का नाही केलं?" हाही प्रश्न येतो. ते ऑपरेशन म्हणजे व्हिट्रेक्टॉमी, डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून पडदा बसवणं. दोन्हींची तुलना करणाऱ्या टोरांटोतल्या पिव्हट चाचणीत (२०१९) एकाच उपचारात पडदा बसला तो गॅसने ८०.८ टक्के जणांचा, व्हिट्रेक्टॉमीने ९३.२ टक्के. पण नजर गॅसवाल्यांची जास्त स्पष्ट राहिली, वाकडंतिकडं दिसणंही कमी. माझ्या चिरेला हा उपाय लागू होता, मी तो घेतला. पुन्हा वेळ आली तरी घेईन.

फक्त मानेचं दुखणं असेल, सांगितल्यासारखं डोकं धरणं जमणार नसेल, तर सुई टोचण्याआधीच बोला. बकलचा, म्हणजे डोळ्याला बाहेरून पट्टी बसवण्याचा, मार्ग असतो.