पेन्शनवर थायलंडला राहायला जायचं होतं, त्या वहीची गोष्ट

मे २०२३. सोलापूरचा मे म्हणजे सांगायची गरज नाही, दुपारी पंखा पण गरम हवाच फेकतो. नळाला चार दिवसाआड पाणी, त्या दिवशी रात्री दीडला आलं, मी आणि ही दोघं पिंप भरत उभे होतो आणि ही पटकन म्हणाली, "अहो, जन्मभर पाटबंधारे खात्यात काढलात आणि पाण्यासाठी जागतोय आपणच." मी काय बोलणार. त्याच आठवड्यात भाचा आला, तो बँकॉकला नोकरीला असतो, त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, महिना पन्नास हजारात थायलंडला राजासारखं राहा म्हणून. मागे डोंगर, पुढे स्विमिंग पूल, एक गोरा म्हातारा नारळपाणी पितोय. "मामा, तुमच्या पेन्शनीत आरामात बसतंय की ओ."

बसतंय का ते बघायला मला आठ महिने लागले. कारकुनाची सवय, वही घातली.

पहिल्याच पानावर आपटलो. डोक्यात मी ४४ हजार धरून चाललो होतो. २०१९ ला रिटायर झालो तेव्हा बेसिक ६२,२००, त्याची निम्मी ३१,१००, त्यावर २०२३ चा ४२ टक्के डीए (महागाई भत्ता) म्हणजे १३,०६२, झाले ४४,१६२. पण पासबुकात तेवढे कधी आलेच नव्हते, कारण वरचा मजला चढवताना मी कम्युटेशन, म्हणजे पेन्शनीचा काही भाग आगाऊ एकरकमी, पूर्ण ४० टक्के घेतलेलं, त्याचे १२,४४० पंधरा वर्षं कापले जाणार. डीए तेवढा पूर्ण मूळ पेन्शनवर मिळतो, हेच काय ते बरं. हातात येत होते ३१,७२२. पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये १५ लाख होते, ८.६ टक्क्यांनी, त्याचे महिन्याला १०,७५० पडायचे. एकूण ४२,४७२. आपलं उत्पन्न आपल्यालाच नीट माहिती नसतं बघा, चार वर्षं पेन्शन घेत होतो मी.

मग खर्च. हिला विचारलं तर म्हणाली अठरा हजार लागत असतील. जून-जुलै दोन महिने चहाच्या टपरीपासून सगळं लिहिलं, आकडा निघाला २६,४००. फरक कुठं होता तर वर्षातनं एकदा येणाऱ्या गोष्टींत, मेडिक्लेमचा हप्ता, घरपट्टी, गाडीचा विमा, वर्षाचं धान्य, हे सगळं बारानं भागून महिन्यात धरायचं असतं. आणि आहेर! एकट्या जूनमध्ये तीन लग्नं, एक वास्तुशांत, जाणंयेणं धरून ४,१०० रुपये. ही म्हणाली थायलंडला गेलो की आहेर वाचतील. मी तसं लिहूनसुद्धा ठेवलं, वजा बाजूला.

आता परदेश. तुलना करणाऱ्या साइटी भरपूर आहेत, दोन शहरांची नावं टाकली की हे इतके टक्के स्वस्त ते तितके महाग असं सांगतात. पण आमच्या कामाच्या नव्हेत त्या. एक तर त्यात भाडं धरलेलं असतं आणि माझं इथलं घर स्वतःचं, भाडं शून्य. दुसरं म्हणजे एक दिवस एका साइटवर सोलापूरच्या पानात एक लिटर वाइनची बाटली, जिमची फी, कॅपुचिनो असलं काय काय, आणि ज्वारी कुठेच नाही. ज्वारी नसलेला सोलापूरचा खर्च काढून काय करू?

म्हणून उलटीकडनं सुरू केलं. वस्तू काय भावाला आहेत ते नंतर, आधी ते देश आपल्याला आत घेतात का. हे मी पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं. पोर्तुगालचं नाव सगळे घेतात, त्यांचा डी-७ नावाचा व्हिसा पेन्शनवाल्यांना चालतो, पण उत्पन्न त्यांच्या किमान पगाराएवढं पाहिजे, २०२३ ला तो ७६० युरो होता आणि बायकोसाठी वर निम्मे, म्हणजे ११४० युरो, नव्वदच्या भावानं लाखाच्या वर. कटाप. मॉरिशसवर माझा जीव होता, तिथं आपली मराठी माणसं दीडशेहून जास्त वर्षांपासून आहेत, गणपती सुट्टी देऊन होतो, पण रिटायर माणसाच्या परमिटला महिन्याला दीड हजार डॉलर आणून दाखवायचे. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. तेही कटाप. नेपाळला व्हिसाच लागत नाही आणि त्यांचा रुपया आपल्या रुपयाला १.६० असा बांधलेला, हिशोबात सगळ्यात बरं बसत होतं. पण ही म्हणाली थंडीत माझे गुडघे धरतात, विषय संपला.

राहिलं थायलंड. पन्नाशीच्या पुढचा माणूस पाहिजे, तो मी आहे. मग एक तर महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न दाखवा नाहीतर ८ लाख बाट तिथल्या बँकेत ठेवा. बाट तेव्हा साधारण २ रुपये ४० पैसे. ६५ हजार बाट म्हणजे दीड लाखाच्या वर, सोडून द्या. ८ लाख बाट म्हणजे १९ लाख २० हजार रुपये. एवढे कुठनं आणायचे तर पोस्टातले १५ लाख मोडून, तरी ४ लाख २० हजार कमीच. आणि मोडले की दरमहाचे १०,७५० बंद! म्हणजे आत जायचं तिकीट काढायला जे पैसे द्यायचे त्याच पैशावर आत राहायचं होतं. पैसे आपलेच राहतात हे खरं, पण व्हिसाची मुदतवाढ घ्यायच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ८ लाखाला हात लावायचा नाही, बाकी वर्षभर ४ लाखाच्या खाली जायचं नाही, म्हणजे नावाला आपले. वर एनआरआय झालात की पोस्टाच्या त्या स्कीममध्ये नवीन खातं काढता येत नाही.

बँकेत विचारायला गेलो तर काउंटरवरच्या पोरानं अजून एक सांगितलं, १ ऑक्टोबर २०२३ पासून असे पैसे बाहेर पाठवले की वर्षात ७ लाखाच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आधीच गोळा करायचा कर. माझ्या १९ लाख २० हजारावर २ लाख ४४ हजार. ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात, बुडत नाहीत, पण तोपर्यंत आणायचे कुठनं. त्या पोरानं सांगितलं चांगलं हो, नाहीतर मी फॉर्म भरून बसलो असतो. (आता ही मर्यादा दहा लाख झालीय.)

तरी मी सोडलं नव्हतं, म्हटलं कम्युटेशन संपल्यावर, घर भाड्यानं देऊन, असं काहीतरी जमवू. खरी गोष्ट कळली ती डीएच्या भानगडीत. नोव्हेंबरात राज्याचा डीए ४६ टक्के झाला, माझे १,२४४ रुपये वाढले, आणि पहिल्यांदाच मनात आलं की हा आकडा ठरतो कसा. शोधलं. लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक काढतं, देशातल्या ८८ केंद्रांतनं भाव गोळा करतात, त्यावर केंद्राचा डीए ठरतो आणि राज्य त्याच्या मागनं जातं. ८८ केंद्रांच्या यादीत महाराष्ट्रातली किती तर सहा. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे आणि सोलापूर!

मी हिला हाक मारून ती यादी दाखवली. एकेकाळच्या गिरण्यांमुळे असेल, पण आपल्या गावातल्या तेलाचे, डाळीचे, साबणाचे भाव कुणीतरी दर महिन्याला लिहून नेतंय आणि ते फिरून फिरून माझ्या पासबुकात येतंय, अगदी चिमूटभर का होईना. माझी पेन्शन इथल्या बाजाराकडे बघून वाढते. थायलंडातल्या चियांग माई शहरात तेल महाग झालं तर मला कोण डीए देणार आहे? आणि वरनं रुपया. २०१४ ला बाट दोन रुपयांच्या आत होता, २०२३ ला २.४०. तिथं भाव एक पैसा नाही वाढला तरी नऊ-दहा वर्षांत मला तेच घर, तीच भाजी पाव हिश्शानं महाग झाली असती. सगळ्या व्हिडिओत आजचा भाव सांगतात. पेन्शनवाल्याला वीस वर्षांचा भाव काढायचा असतो, मी तेव्हा ६२ चा होतो.

तरी महिनाभर जाऊन आलोच. आता तुम्ही म्हणाल मग गेलातच कशाला. तर १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडनं आपल्याला ३० दिवस व्हिसा माफ केला, भाच्यानं तिकिटं काढली, आणि ही म्हणाली सहा महिने वही घेऊन बसलाय, एकदा डोळ्यानं तरी बघू दे. नोव्हेंबरात बँकेत हयातीची सही केली (तिथनं पण करता येते, चियांग माईला भारताचं कॉन्सुलेट आहे) आणि डिसेंबरात निघालो, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, तिथनं विमान. बॅगेत सहा किलो ज्वारीचं पीठ, दोन किलो शेंगा चटणी, कडक भाकरीची दोन पाकिटं.

चियांग माई शहर छान आहे, खोटं कशाला बोलू. डिसेंबरात हवा गुलाबी, नळाला चोवीस तास पाणी, ही पहिले दोन दिवस नुसतंच नळ सोडून बघायची. एका खोलीचा फ्लॅट महिन्याला १२,००० बाट. फिरायला लाल शेअर गाड्या, हात केला की थांबतात, माणशी ३० बाट, आपल्या टमटमसारखंच. खायचं जरा अवघड, भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात, मग भाच्यानं शिकवलं की पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं असेल तिथंच जायचं, तिथं मांस-मासे काही नसतं. चार दिवसांत ही पिवळी पाटी लांबनं ओळखायला लागली. दूध मात्र आपल्या दुप्पट. एटीएमला आपलं कार्ड घातलं की दर वेळी २२० बाट कापायचं, म्हणजे सव्वापाचशे रुपये, मी पहिल्या आठवड्यात शहाणपणानं थोडे थोडे करून तीनदा काढले. हिला अजून सांगितलेलं नाही.

२८ दिवसांचा हिशोब ३०,७०० बाट झाला, रुपयांत ७३,६८०. त्यात मंदिरं-हत्ती बघायला फिरलो ते धरलेलं नाही. वर्षाच्या करारानं ८,००० बाटला घर मिळतं म्हणतात, ते धरलं तरी ६४ हजारांच्या खाली येत नाही, आणि आम्ही काय उधळपट्टी केली नव्हती. विमा तर वेगळाच, ओ-ए नावाच्या व्हिसाला आरोग्य विमा लागतोच आणि माझी शुगर आहे म्हटल्यावर एजंटनं जो हप्ता सांगितला तो मी वहीत लिहिलाच नाही. वरनं १ जानेवारी २०२४ पासून वर्षात १८० दिवस राहणाऱ्यानं बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर तिथं कर, आम्ही तिथं असतानाच लागू झालं. आणि गंमत ऐका, सोलापुरातनं पळून जावंसं वाटतं ते मार्च-एप्रिलात, नेमकं तेव्हाच तिकडं शेतं आणि रानं जाळतात, धुरानं डोंगर दिसत नाहीत. घरमालकीण स्वतःच त्या दिवसांत लेकीकडे जाते म्हणाली.

शेवटच्या आठवड्यात एका रात्री ही वही चाळत बसली होती. सगळी पानं बघितली आणि विचारलं, "तुम्ही नसलात तर काय, ते कुठल्या पानावर आहे?"

नव्हतंच. तिथंच मागच्या पानावर मांडलं. पासष्टीच्या आत गेलो तर थोडे दिवस जास्त, पण नंतर फॅमिली पेन्शन शेवटच्या बेसिकच्या ३० टक्के, म्हणजे १८,६६० अधिक डीए. योगायोग नाही, गणितच तसं, माझी कम्युटेशन वजा जाऊन उरलेली मूळ पेन्शन पण बरोबर १८,६६० च आहे. पण डीए तिला १८,६६० वर मिळणार, मला मिळतो तो ३१,१०० वर. परक्या देशात, भाषा येत नाही, दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि हातात बाटमध्ये अकरा हजारांच्या आसपास. ही काही बोलली नाही, उठून भाकरी थापायला गेली. पीठ तेव्हा अर्धा किलो राहिलं होतं.

गड्ड्याच्या जत्रेच्या आत सोलापूरला परत आलो. घर उघडलं तर नळाला पाणी येऊन गेलेलं, पुढचं चार दिवसांनी. आहेराची ती वजा बाजू मात्र खोडावी लागली, कारण तिकडं असताना दोन लग्नं झाली आणि ते आहेर आल्यावर घरी जाऊन दिले, वर त्या लोकांसाठी तिथनं आणलेल्या वस्तू वेगळ्याच.

आता सकाळी कंबर तलावावर फिरायला जातो तिथं ही गोष्ट पसरलीय. परवा एक रिटायर मास्तर भेटले, लेक व्हिएतनामला आहे म्हणे, तिकडं लै स्वस्त आहे असं ऐकलंय, वही द्या की ओ साहेब बघायला. मी म्हटलं देतो, पण मास्तर, कम्युटेशन घेतलंय का तुम्ही?

"घेतलंय की. का ओ?"

"किती कापतंय?"

मास्तर थांबले, बोटं मोजली, मग म्हणाले, "पासबुक बघून सांगतो."