नोंदीत नसलेला सामना: महिला फुटबॉल संघाचं २०२२ हे वर्ष मराठी विकिपीडियावर मांडताना

२० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण यांच्या महिला संघांत सामना झाला आणि तो ०-० असा बरोबरीत सुटला. एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) महिला आशिया चषकाच्या त्या वर्षीच्या स्पर्धेतला भारताचा हा पहिलाच सामना. स्पर्धेच्या अधिकृत हिशेबात मात्र तो आज नाही. मराठी विकिपीडियावर या संघाच्या २०२२ सालाचं पान करायला घेतलं तेव्हा माझा सर्वात जास्त वेळ या एका सामन्यावर गेला.

पान करावंसं वाटण्याचं कारण अगदी सरळ होतं. क्रिकेट संघांच्या दौऱ्यांवर मराठीत पानांमागून पानं आहेत. पण नेरूळ, अंधेरी आणि बालेवाडीत आशिया चषक खेळला गेला, म्हणजे सगळी स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात झाली, तरी यजमान संघाच्या त्या वर्षाबद्दल मराठीत एका जागी नीट काही वाचायला मिळेना. याचं मला खरंच वाईट वाटलं.

धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर, आधी सामन्यांचा सांगाडा उभा केला. राष्ट्रीय संघाला क्लबसारखा हंगाम नसतो, म्हणून कॅलेंडर वर्षच धरलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलच्या मनाऊस शहरात झालेले तयारीचे सामने त्यामुळे पार्श्वभूमीत गेले. पण त्यातला मनीषा कल्याणचा गोल मी गाळला नाही. भारत ६-१ असा हरला, तरी आठव्या मिनिटाला तिने ब्राझीलशी बरोबरी साधली होती, आणि हे वाक्य मराठीत कुठेतरी असायलाच हवं होतं.

सामन्याची चौकट दाखवणारा साचा (माहिती भरली की ठरावीक मांडणी करून देणारा तयार नमुना) आधीच होता. तारीख, मैदान, गोल करणारी खेळाडू, मिनिट, पंच एवढं भरलं की झालं. गुणतक्त्याचं तसं नाही. त्याच्या साच्यात देवनागरी अंक घातले की बेरीज-वजाबाकी अडते. आत इंग्रजी अंक द्यायचे आणि वाचकाला देवनागरी दिसतील अशी तजवीज करायची, हे साच्याचं आतलं पान उघडून समजून घेतलं.

मग इराणचा सामना. त्यानंतर भारतीय संघात कोविडची लागण पसरली. २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध उतरायला किमान १३ खेळाडू हव्या होत्या, तेवढ्याही उपलब्ध नव्हत्या. सामना झालाच नाही. नियमांनुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं एएफसीने धरलं आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरवला. अ गटाच्या तक्त्यात उरले तीन संघ: चीन ६ गुण, चिनी तैपेई ३, इराण ०.

या शून्यापाशी मी बराच वेळ थांबले. इराणचा हा पहिलाच आशिया चषक. नेरूळच्या त्या बरोबरीने त्यांना जो गुण मिळवून दिला होता, तो त्यांचा स्पर्धेतला एकमेव गुण होता, आणि त्यांची काहीही चूक नसताना तो गेला. भारताच्या पानावर इराणबद्दल हे लिहावं का? मी लिहिलं. नव्वद मिनिटं दोन्ही संघ धावले होते.

पान मुख्य नामविश्वात, म्हणजे वाचकांसाठीच्या लेखांत, नेल्यावर एका संपादकाने सामन्याची ती चौकटच काढून टाकली. निकाल रद्द आहे, मग सामना कशाला दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. चर्चा पानावर मी माझी बाजू मांडली: एएफसीने निकाल रद्द केला, पण सामना झाल्याचं कुणीच नाकारलेलं नाही, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आहे. मी तो सामना मोबाईलवर पूर्ण पाहिला होता, पण तिथे त्याचा उपयोग नाही. विकिपीडियावर आपण डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही, छापून आलेलं दाखवावं लागतं, आणि हा नियम मला पटतो. शेवटी तोडगा निघाला. चौकट राहिली, खाली रद्द झाल्याची टीप आली आणि वर्षाच्या एकूण सामन्यांत तो धरला नाही. किती जणी बाधित होत्या याचा आकडा मला सगळ्या बातम्यांत एकसारखा सापडला नाही, म्हणून तो घातलाच नाही.

एप्रिलमधले जॉर्डनमधले सामने भराभर झाले: इजिप्त आणि जॉर्डन, दोन्ही वेळा १-० असा विजय. जूनमधला स्वीडनचा दौरा २३ वर्षांखालील संघाचा, तो या पानावर येत नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा पेच. फिफाने त्रयस्थांच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन भारतीय महासंघाला निलंबित केलं आणि ते निलंबन २६ ऑगस्टला उठवलं. मधल्या काळात वरिष्ठ संघाचा सामना नव्हता, मग याची नोंद संघाच्या पानावर का? कारण ताश्कंदला पोचलेल्या गोकुलम केरळच्या मुलींना आशियाई क्लब स्पर्धेत खेळता आलं नाही, आणि सप्टेंबरमध्ये काठमांडूला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा तोंडावर होती. एवढं दोन ओळींत लिहिलं, महासंघाच्या भांडणात शिरले नाही.

सॅफमध्ये पाकिस्तानवर ३-०, मालदीववर ९-०, मग बांगलादेशकडून ०-३ आणि उपांत्य फेरीत नेपाळकडून ०-१. तोवरच्या पाचही स्पर्धा भारताने जिंकल्या होत्या. अंतिम फेरीत भारत नाही, असं पहिल्यांदाच घडलं. काही बातम्यांत याला ‘लाजिरवाणा पराभव’ म्हटलं होतं. मी ते विशेषण उचललं नाही. बांगलादेशने नेपाळला ३-१ हरवून विजेतेपद मिळवलं. चांगला संघ जिंकला, एवढंच त्यातून कळायला हवं.

खेळाडूंची नावं लिहिताना मणिपुरी नावांवर खास लक्ष दिलं. आशालता देवी, दांगमेई ग्रेस, रतनबाला देवी. एकच नाव तीन पानांवर तीन तऱ्हेने लिहिलं की तीन वेगळे लाल दुवे (नसलेल्या पानांकडे नेणारे) तयार होतात आणि मुलगी हरवते. एकेक नाव ठरवून बाकीच्या रूपांना पुनर्निर्देशन दिलं, म्हणजे ती रूपं त्याच पानाकडे वळवली. छायाचित्रं फारशी मिळाली नाहीत. वृत्तसंस्थांच्या फोटोंवर प्रताधिकार असतो, आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, मुक्त परवान्याचे फोटो मोजकेच. कुणी स्टेडियममध्ये स्वतः फोटो काढले असतील तर ते कॉमन्सवर चढवा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

सध्या धूळपाटीवर २०२५ आहे. त्या वर्षी ५ जुलैला चियांग माईत थायलंडला २-१ हरवून हा संघ पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात पोचला; दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्याच फेरीत मंगोलियाविरुद्ध १३-० झालं होतं. त्या तेरा गोलांची मिनिटं वेगवेगळ्या बातम्यांशी ताडून पाहतेय.