साबणाच्या वडीवरून भांडण

'ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींची नाटकं म्हणजे सगळी रडारडच असणार. वाचवतात तरी कशी तुम्हाला?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जॅक डेव्हिस या नूंगार (तिथल्याच एका मूलनिवासी समाजातल्या) नाटककाराचं 'नो शुगर' वाचा. हसता हसता संताप येईल.

नाटक 1929 ते 1934 च्या पश्चिम ऑस्ट्रेलियातलं. मिलिमुरा कुटुंब नॉर्थम गावाबाहेर तंबूत राहतं. पहिल्याच प्रवेशात पोरं घरी बनवलेल्या बॅटनं क्रिकेट खेळतायत आणि मोठा मुलगा जो पेपरातून गोऱ्यांच्या वसाहतीच्या शताब्दीचं कौतुक अडखळत वाचतोय. तिकडे राजधानी पर्थच्या कचेरीत मूलनिवासींचे 'मुख्य संरक्षक' ए. ओ. नेव्हिल हिशेब करतायत: एका मूलनिवासीचं आठवड्याचं रेशन 2 शिलिंग 4 पेन्स, बेकार गोऱ्याचा भत्ता 7 शिलिंग. काटकसर मात्र पहिल्यातच करायची. म्हणून साबण बंद! नेव्हिल काल्पनिक नाहीत बरं का. या पदावर हा माणूस खरोखर होता.

मिलिमुरांच्या घरची आई, मिली, रेशन घ्यायला पोलीस ठाण्यात जाते, तर साबण नाही. ती आणि तिची आई सार्जंटला फैलावर घेतात. तो म्हणतो, हुकूम पर्थहून आलाय. घरातले पुरुष आळशी आहेत असं सुनावतो, तर मिली विचारते, त्यांना काम देतंय कोण? मला या नाटकातला सगळ्यात कडवा प्रतिकार हाच वाटतो. घोषणा नाही, मोर्चा नाही; वाण्याशी घालावी तशी हुज्जत.

पुढे खरजेचं निमित्त करून सगळ्यांना मूर रिव्हरच्या, मूलनिवासींसाठीच्या सरकारी वसाहतीत हलवतात. खरं कारण निवडणूक: गोऱ्या मतदारांना ही माणसं गावाजवळ नको होती. प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) मिचेल यांचा मतदारसंघ नॉर्थमच होता, आणि 1933 मध्ये ते तिथेच हरले.

वसाहतीत 26 जानेवारीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया दिनाच्या समारंभात नेव्हिलसमोर चर्चमधलं भक्तिगीत म्हणायचं असतं. ही मंडळी चाल तीच ठेवून चहात साखर नसल्याचं गाणं ठोकून देतात. साहेब भडकतो. मिलीचा भाऊ जिमी त्याच्या अंगावर ओरडत कोसळतो, मरतो. हा मृत्यू मला जरा नाटकी वाटतो, मिलीची हुज्जत नाही वाटत.

आणि हो, डेव्हिस स्वतः किशोरवयात मूर रिव्हरमध्ये राहिले होते. 1985 साली पर्थमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांना खुर्चीत बसू दिलं नव्हतं. प्रवेश बदलला की मिलिमुरांच्या मागोमाग चालत जायचं.