दुर्बिणींच्या साइटची प्रगती: नाव ठरलं, काही पानं वर सरकली

आकाशनिरीक्षणाच्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणींची (बायनॉक्युलर) तुलना करणारी छोटी ॲफिलिएट साइट (दुकानांच्या लिंक देऊन विक्रीवर कमिशन मिळवणारी) उभी करतोय, त्या कामाची ही पुढची नोंद. या वेळी दोनच विषय आहेत: डोमेनचं (साइटच्या पत्त्याचं) नाव कसं ठरलं, आणि सर्चमध्ये कुठली पानं हलली, कुठली तिथंच अडून बसली.

आधी नाव. कच्च्या यादीत बरीच नावं एकाच छापाची होती: पुढे 'बेस्ट', मध्ये वस्तू, मागे 'रिव्ह्यूज', आणि शेवटी डॉट कॉम. या छापाला एकेकाळी खरोखर भाव होता. लोक जे शब्द शोधतात तेच डोमेनमध्ये जसेच्या तसे असले, की आत फारसं काही नसलेली साइटसुद्धा वर यायची. सप्टेंबर 2012 मध्ये गूगलनं नेमक्या अशाच निकृष्ट साइट्ससाठी बदल आणला. तो जाहीर करताना गूगलच्या वेबस्पॅम टीमचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी 0.6 टक्के शोधांवर परिणाम दिसेल असं सांगितलं होतं. आकडा लहान वाटतो, पण नीश (एकाच अरुंद विषयाच्या) साइटवाल्यांचा सगळा संसार त्या कोपऱ्यातच होता. आज डोमेनमध्ये शोधशब्द असला म्हणून कुणी शिक्षा करत नाही, पण त्याच्या जोरावर वर जाता येईल हा हिशेब मात्र सोडून द्यावा.

मला त्या छापाची खरी अडचण वेगळीच वाटते. नावातच '10x50' (10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची दुर्बीण) किंवा 'दुर्बीण' घातलं, की उद्या ट्रायपॉड, तारानकाशे, छोट्या दुर्बिणीनंतरची पहिली मोठी दुर्बीण यांवर लिहिताना प्रत्येक पान पाहुण्यासारखं दिसतं. साइट जिवंत राहिली तर विषय पसरणारच. म्हणून आकाशाशी नातं सांगणारं, पण कुठल्याही एका वस्तूला न बांधलेलं दोन शब्दांचं नाव घेतलं.

निवड करताना सगळ्यात उपयोगी पडली ती फोनवरची चाचणी. नाव एकदाच उच्चारायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि समोरच्याला टाइप करायला लावायचं. हायफन आणि अंक असलेली नावं इथंच गळाली. एक बारकी गोष्टही कळली: पहिला शब्द ज्या अक्षरानं संपतो त्याच अक्षरानं दुसरा सुरू होत असेल, तर बहुतेक जण ते अक्षर एकदाच टाइप करतात. दिसायला देखणी असलेली दोन नावं मी केवळ एवढ्यासाठी खोडली.

ब्रँडचं नाव डोमेनमध्ये घालण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आताच काढून टाका. ट्रेडमार्कवाल्या कंपनीला डोमेनच्या वादांसाठीच्या यूडीआरपी या प्रक्रियेतून डोमेन काढून घेता येतं, आणि ही सोय 1999 पासून आहे. ॲमेझॉनच्या असोसिएट्स कार्यक्रमाच्या अटींतही त्यांचं नाव किंवा त्याचं मोडतोड केलेलं रूप डोमेनमध्ये वापरायला मनाई आहे. एक्स्टेंशनवर (डॉट कॉमसारख्या शेपटीवर) मी फार वेळ घालवला नाही. नव्या एक्स्टेंशनना गूगल वेगळी वागणूक देत नाही. देशांची एक्स्टेंशन मात्र त्या त्या देशाशी जोडलेली मानतो, डॉट आयओ, डॉट सीओ यांसारखे काही अपवाद सोडून. पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे न बघता नूतनीकरणाचा दर बघा, एवढंच सांगेन.

आता एक्स्पायर्ड डोमेनबद्दल (आधीच्या मालकानं मुदत संपू दिलेल्या नावांबद्दल), कारण याचा मोह सगळ्यांनाच होतो. माझ्या विषयाला चपखल बसणारं एक जुनं नाव लिलावात दिसलं. बॅकलिंक्स (दुसऱ्या साइट्सवरून येणाऱ्या लिंक्स) भरपूर, डोमेन अथॉरिटीही चांगली. (डोमेन अथॉरिटी हा मॉझ कंपनीचा स्वतःचा 1 ते 100 चा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. तरीही विक्रीच्या पानावर तोच सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो.) वेबॅक मशीनमध्ये (साइट्सची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या संग्रहात) वर्षावर्षानं मागे गेलो. सुरुवातीची पानं एका खगोल मंडळाची होती: निरीक्षणाच्या तारखा, ग्रहणाचे फोटो, सभासदांच्या सूचना. मग बराच काळ काहीच नाही. आणि नंतर अचानक त्याच पत्त्यावर कसिनोची पानं, वेगळ्याच भाषेत. बॅकलिंक्स उघडून पाहिल्या तर त्यांच्या अँकर टेक्स्टमध्येही (ज्या शब्दांवर लिंक असते त्यांत) तेच जुगाराचे शब्द. चांगल्या लिंक्स मूठभर होत्या, त्याही मंडळाच्या काळातल्या आणि मंडळासाठी दिलेल्या.

ते नाव सोडलं. मार्च 2024 मध्ये गूगलनं स्पॅमच्या धोरणांत एक्स्पायर्ड डोमेनचा गैरवापर हा स्वतंत्र मुद्दा घातला. जुन्या साइटची पुण्याई वापरून वाचकाच्या फारशा उपयोगाचा नसलेला मजकूर वर आणण्याचा प्रयत्न त्यात येतो. जुनं नाव घेऊन त्यावर चांगली, मूळची साइट उभारायला हरकत नाही. पण मग वर नेणार ते काम, नाव नव्हे. आणि तेच काम कोऱ्या नावावर केलं तर कुणाच्या जुन्या भानगडी निस्तराव्या लागत नाहीत. नोंदणी करण्याआधी वेबॅक मशीन आणि बॅकलिंक्स या दोन तपासण्या तरी करा, अगदी नवीन वाटणाऱ्या नावासाठीही. ते याआधी कुणीतरी वापरून सोडलेलं असू शकतं.

आता क्रमवारी. साइटवरची पानं सरळ दोन गटांत पडली आहेत. 'सर्वोत्तम दुर्बिणी' वळणाची सर्वसाधारण यादी जवळजवळ हललेली नाही. तिथं मोठी नियतकालिकं आणि मोठी दुकानं ठाण मांडून आहेत, आणि माझ्या यादीत त्यांच्याकडे नसलेलं फारसं काही नाही. उलट एका अरुंद प्रश्नावरचं पान सावकाश चढत पहिल्या पानाच्या तळाशी पोचलंय: चष्मा लावणाऱ्यांनी आकाशासाठी कुठली दुर्बीण घ्यावी?

हे पान का चाललं याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. बहुतेक ठिकाणी 'आय रिलीफ (भिंगापासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) 15 मिलिमीटरच्या वर हवा' एवढं सांगून विषय संपवतात. मी प्रश्न आधी फोडला. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसनं बहुतेक वेळा भागतं. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवावा लागतो, नाहीतर तारा ठिपका न दिसता ओढल्यासारखा दिसतो. मग प्रत्येक दुर्बीण चष्म्यासकट डोळ्याला लावून दृश्याची गोल काळी कड पूर्ण दिसते का ते तपासलं आणि मृगातल्या बाणावर रोखून पाहिलं. बाणाचे तीन तारे साधारण 3 अंशांत मावतात, त्यामुळे चष्म्यामुळे किती आकाश कापलं गेलं ते लगेच कळतं. कागदावर सारखाच आय रिलीफ सांगणाऱ्या दोन दुर्बिणींत इथं स्पष्ट फरक दिसला, कारण एकीचे रबरी आयकप (डोळ्याला टेकणाऱ्या कडा) पूर्ण खाली बसत नव्हते. त्या आयकपचा शेजारी पट्टी धरलेला फोटो पानावर आहे.

गूगलनं डिसेंबर 2022 मध्ये गुणवत्तेच्या मार्गदर्शिकेत अनुभवाचा निकष जोडला. त्याआधी एप्रिल 2021 पासूनच उत्पादनांच्या परीक्षणांसाठी वेगळे बदल सुरू झाले होते. वस्तू हाताळल्याचा पुरावा, मोजमापं, स्वतःचे फोटो, दोन पर्यायांतला नेमका फरक यांवर त्यांचा भर आहे. आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी ही मनापासून आनंदाची गोष्ट आहे. मोठ्या साइटकडे पैसा असतो. रात्री गच्चीत उभं राहून एकेक दुर्बीण डोळ्याला लावण्याचा उत्साह आपल्याकडे असतो.

सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन) वाचताना एक लक्षात ठेवा. या पानाचं सरासरी स्थान मध्यंतरी घसरलं, पण क्लिक वाढत होते. कारण पान नव्या शोधवाक्यांसाठी दिसायला लागलं होतं, तिथं ते खूप खाली होतं, म्हणून सरासरी ओढली गेली. शोधवाक्य आणि पान अशी दोन्ही गाळणी लावून एकेका वाक्याचं स्थान बघितलं तरच चित्र खरं दिसतं. फार विरळ शोधवाक्यं तक्त्यात येतच नाहीत, त्यामुळे ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळली नाही तर घाबरू नका.

कमाईचं गणित क्रमवारीबरोबर आपोआप चालत नाही. ॲमेझॉनच्या लिंकवर क्लिक केल्यापासून वस्तू कार्टमध्ये टाकायला साधारण 24 तासांचीच मुदत असते, आणि दुर्बीण घेणारा माणूस त्याहून कितीतरी जास्त विचार करतो. म्हणून '10x50 की 15x70' यासारखी विचाराच्या शेवटच्या टप्प्यावरची पानं मला जास्त महत्त्वाची वाटतात. 15x70 हातात धरून तारा स्थिर राहत नाही, ट्रायपॉड आणि त्याचा अडॅप्टर लागतोच, हे वाचल्यावर वाचक तिथंच निर्णय घेतो. सगळ्या ॲफिलिएट लिंक्सना 'स्पॉन्सर्ड' हे रेल मूल्य (ही पैशांची लिंक आहे अशी गूगलसाठीची खूण) लावलंय आणि कमिशनची सूचना पानाच्या माथ्यावर ठेवलीय.

पुढचं काम ठरलेलं आहे. ट्रायपॉड अडॅप्टरवरची दोन पानं एकाच शोधवाक्यासाठी एकमेकांना खाली ओढतायत. कधी एक दिसतं, कधी दुसरं. दोन्हींतला उपयोगी मजकूर एकत्र करून, ज्याला बाहेरून लिंक्स आल्यात ते पान ठेवणार आणि दुसऱ्यावरून 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचं नव्याकडे वळवणं) लावणार. गूगलच्या सल्ल्याप्रमाणे तो किमान वर्षभर काढणार नाही. आतल्या सगळ्या लिंक्स मात्र त्याच दिवशी नव्या पत्त्यावर वळवीन.