विमा रक्कम सर्वांत शेवटी पाहावी

माझी पुतणी पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली, तेव्हा तिच्या विम्याची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली होती. पाच-सहा कंपन्यांचे तक्ते समोर मांडून कमी प्रीमियममध्ये सर्वाधिक विमा रक्कम, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढा खर्च देईल तो आकडा, असलेली पॉलिसी मी निवडली. पहिल्या सत्राचे शुल्क भरण्याची वेळ आली आणि विद्यापीठाने ती पॉलिसी अमान्य केली. तिच्यात मानसिक आरोग्याच्या उपचारांचा समावेश नव्हता आणि प्रत्येक आजारामागे विद्यार्थ्याने स्वतः सोसायची वजावट, म्हणजे डिडक्टिबल, विद्यापीठाने आखून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होती. विद्यापीठाचा स्वतःचा विमा तिच्या शुल्कात आधीच धरलेला होता, आणि तो वगळण्यासाठी लागणारी सूट, म्हणजे वेव्हर, मिळण्यासारखी दुसरी पॉलिसी शोधायला चारच दिवस हातात होते. ते जमले नाही. तिला दोन्ही विम्यांचे पैसे भरावे लागले. तेव्हापासून मला कोणी विचारले की मी एकच क्रम सांगते: आधी देश आणि विद्यापीठ काय मागते ते पाहावे, मग पॉलिसीत काय वगळले आहे ते वाचावे, आणि विमा रक्कम सर्वांत शेवटी पाहावी.

देशागणिक या मागण्या इतक्या वेगळ्या आहेत की एका विद्यार्थ्याचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडेलच असे नाही. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळाच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करतानाच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून तो विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड आहे. तो भरल्यावर तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते, मात्र सामान हरवणे किंवा आजारी विद्यार्थ्याला मायदेशी आणणे याचा खर्च त्यातून निघत नाही. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा ठरावीक आरोग्य विमा व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी घ्यावा लागतो. जपानमध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव नोंदवावे लागते आणि सर्वसाधारणपणे उपचारांच्या खर्चाचा 30 टक्के वाटा रुग्णाने उचलायचा असतो. जर्मनीत आरोग्य विम्याच्या पुराव्याशिवाय विद्यापीठात प्रवेशाची नोंदणीच होत नाही आणि पर्यटकांसाठीचा प्रवास विमा तिथे चालत नाही. तिथे सरकारी विम्यातून सूट घेऊन खासगी विमा स्वीकारला, तर शिक्षण संपेपर्यंत तो निर्णय फिरवता येत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात हप्ता कमी दिसतो एवढ्याच कारणाने तो निर्णय कुणी घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

अमेरिकेत व्हिसाच्या प्रकारानुसार नियम बदलतो. जे-1, म्हणजे शैक्षणिक आदानप्रदान कार्यक्रमांच्या, व्हिसावर जाणाऱ्यांसाठी सरकारनेच किमान अटी ठरवल्या आहेत: प्रत्येक आजारासाठी किंवा अपघातासाठी 1,00,000 डॉलर, वैद्यकीय कारणासाठी हलवण्याकरिता 50,000 डॉलर, मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी 25,000 डॉलर, आणि वजावट 500 डॉलरपेक्षा जास्त नको. बहुसंख्य विद्यार्थी मात्र एफ-1, म्हणजे नेहमीच्या विद्यार्थी, व्हिसावर जातात. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची अशी अट नाही. प्रत्येक विद्यापीठ आपले निकष ठरवते. वेव्हरचा अर्ज आणि निकषांची यादी बहुधा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. ती यादी विमा कंपनीकडे पाठवून आपली पॉलिसी त्यातल्या प्रत्येक अटीत बसते का, याचे लेखी उत्तर मागावे. तोंडी आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही.

याच्या मुळाशी असलेला फरक समजून घ्यायला हवा. प्रवास विमा हा अचानक उद्भवलेल्या संकटासाठी असतो: रुग्णाची प्रकृती स्थिर करावी, गरज पडल्यास त्याला घरी पोहोचवावे, एवढीच त्याची मूळ कल्पना. विद्यार्थी मात्र तिथे दोन-चार वर्षे राहतो. त्याला साधा ताप येतो, त्वचेचा विकार जडतो, एकटेपणाने झोप उडते, दाढ दुखते. यांपैकी कशासाठीही रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही, पण डॉक्टरकडे जावेच लागते. त्यामुळे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च मिळतो का आणि समुपदेशनाचा समावेश आहे का, हे दोन प्रश्न मी विमा रकमेच्या कितीतरी आधी विचारेन.

आता वगळलेल्या गोष्टींविषयी. पॉलिसीतील सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच असतो आणि तोच वाचायचा राहून जातो. दमा, मधुमेह, थायरॉइड, फिट्स येणे असा आधीपासूनचा आजार असेल, तर काही पॉलिसी तो पूर्णपणे वगळतात, काही फक्त जिवावर बेतले तरच खर्च देतात, तर काहींमध्ये प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे तेवढा काळ उलटेपर्यंत त्या आजाराचा खर्च मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थी विम्यात आधीपासूनच्या शारीरिक आजारांसाठी तो सहसा 12 महिन्यांचा असतो. कित्येक पालक मुलाचा आजार अर्जात लिहीतच नाहीत. प्रीमियम वाढेल किंवा अर्ज फेटाळला जाईल, अशी त्यांना भीती वाटते. ती भीती मी समजू शकते, परंतु दाव्याच्या वेळी कंपनी जुने वैद्यकीय कागद मागवते आणि लपवलेली गोष्ट उघड झाली, की संपूर्ण दावाच नाकारला जाऊ शकतो. आजार स्पष्ट लिहावा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी, आणि नियमित औषधांचा खर्च मिळणार नाही असे कळले तर त्याची तजवीज निघण्याआधी करावी. बर्फावरच्या स्कीइंगसारखे साहसी खेळ, विद्यापीठाच्या संघातून खेळताना झालेली दुखापत आणि मद्यपानानंतरचा अपघात हेही अनेकदा वगळलेले असते.

विमा रकमेचा मोठा आकडा कसा फसवा ठरतो, हे एका हिशेबावरून कळेल. उपचारांचे बिल 8,000 डॉलर झाले, वजावट 500 डॉलर आहे आणि उरलेल्या रकमेचा 20 टक्के वाटा विद्यार्थ्याचा आहे, असे समजा. मग आधी 500 आणि त्यानंतर 7,500 वरचे 1,500, असे 2,000 डॉलर त्याच्याच खिशातून जातात. पॉलिसीवर पाच लाख डॉलरची विमा रक्कम लिहिलेली असली, तरी या हिशेबात काहीही फरक पडत नाही. त्यातच खोलीभाडे, शस्त्रक्रिया, रुग्णवाहिका यांवर वेगळ्या उप-मर्यादा असतील, तर हाती येणारी रक्कम आणखी घटते. विद्यापीठाजवळची कोणती रुग्णालये कंपनीशी करारबद्ध आहेत आणि तिथे कॅशलेस सोय आहे का, हेही नकाशा उघडून तपासून घ्यावे.

पासपोर्ट हरवणे, सामान उशिरा पोहोचणे यांची भरपाई मिळाली तर चांगलेच, पण त्यासाठी पॉलिसी निवडू नये. त्यापेक्षा आजारपणामुळे सत्र बुडाल्यास शुल्काची भरपाई, पालकांना तातडीने भेटीला जाण्याचा खर्च आणि आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास येणारी कायदेशीर जबाबदारी, ही कलमे जास्त मोलाची आहेत.

पॉलिसी विमानात बसण्याच्या दिवसापासून सुरू व्हावी आणि तिची मुदत संपण्याआधीच वाढवावी. खंड पडला, तर दरम्यान सुरू झालेला आजार नव्या पॉलिसीत आधीपासूनचा ठरू शकतो. सुट्टीत घरी आल्यावर संरक्षण चालू राहते का, हेही विचारून ठेवावे. माझ्या पुतणीने आता पॉलिसी क्रमांक आणि कंपनीचा चोवीस तासांचा मदत क्रमांक एका कागदावर लिहून पाकिटात ठेवला आहे, आणि तोच कागद तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडेही दिला आहे, कारण खरी गरज पडेल तेव्हा फोन करण्याच्या स्थितीत ती स्वतः असेलच असे नाही.