शेवटी काहीच का येत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आयर्लंडमध्ये केलेली आमची छोटी फिल्म पाहून बहुतेकजण हेच विचारतात: नवरा रात्रभर मातीच्या जुन्या गढीवर बसतो आणि शेवटी काहीच येत नाही, असं का? पैसे संपले होते का?

नाही. घोडी आली होती. आम्ही ती शूटही केली होती.

मुळातली घटना टिपरेरी काउंटीतली, मार्च १८९५ची. ब्रिजेट क्लिअरी शिवणकाम करून स्वतःचे पैसे कमावणारी. ती आजारी पडली आणि नवऱ्याने ठरवलं, खरी बायको परीलोकाने नेली, अंथरुणात आहे ती तोतया. वडील आणि नातेवाईक घरात असताना तिला काढे पाजले, नाव पुन्हापुन्हा विचारलं, शेवटी जाळलं. मग काळ्या मुठीची सुरी घेऊन तो परींचं घर मानल्या जाणाऱ्या मातीच्या जुन्या गोल गढीवर वाट पाहत बसला. खरी ब्रिजेट घोड्यावरून येणार, तिला घोड्याला बांधलेल्या दोऱ्या कापायच्या. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

माझ्या पहिल्या पटकथेत ती खरी ब्रिजेट घोडीवरून येते. लोककथेला तिच्या नियमाने चालू द्यावं, असं माझं म्हणणं होतं. आजही ते मला खोडता येत नाही. १९९९मध्ये क्लेअर काउंटीत कथाकार एडी लेनिहन परींचं म्हणून मानलेल्या एका हॉथॉर्नच्या झुडपासाठी उभे राहिले आणि रस्त्याच्या कामातून ते वाचलं. अशा श्रद्धेला मी कशी हसू?

रफ कट, म्हणजे फिल्मचं कच्चं संकलन, पाहायला बायकोचं काम करणारी अभिनेत्री आली. धुक्यातून पांढरी घोडी निघाली, तसं तिने फिल्म थांबवली.

"म्हणजे त्याचं बरोबर होतं?"

मी समजावू लागले, हे त्याच्या मनातलं आहे, प्रेक्षकांना कळेल.

"पडद्यावर दिसलं की ते खरंच. मग चुलीपाशी मी ओरडत होते, ती कोण?"

तो प्रसंग करताना तिचा आवाज बसला होता. मी चिडले. दिग्दर्शक कोण आहे, असंही म्हणून गेले. ती कोट घालून निघून गेली. मी फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली. घोडी येणार हे डोक्यात ठेवून पाहिलं, तर "मीच आहे, मीच आहे" हे तिचं प्रत्येक वाक्य खोटं ऐकू येत होतं. एका देखण्या शॉटने तिची साक्षच बाद केली होती.

घोडी काढली. निर्मात्याशी त्यावरून भांडण झालं, अजून मिटलेलं नाही. परीकथेतली परीच काढलीस, असं तो म्हणतो. मीही कधीकधी तेच म्हणते. पण ती परत घालायची, तर चुलीपाशी कोण होतं याचं उत्तर आधी त्याने द्यावं.