पस्तिशीत एमबीबीएस: पॅशन राहू द्या, आधी हप्त्यांचं बोलू

नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, वयाची अट जाऊन आता काही वर्षं झाली तरी मला सारखं कुणी ना कुणी विचारतंच, अगं पण पंचविशीनंतर नीट देता येते का? येते. आधी खुल्या वर्गाला 25 आणि राखीवला 30 अशी अट होती, 2018 मध्ये त्यावरून कोर्टात बरंच झालं, सुप्रीम कोर्टाने मोठ्या वयाच्या लोकांना बसायची अंतरिम परवानगी दिली आणि मार्च 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, अटच काढली. ओडिशाचे जयकिशोर प्रधान, स्टेट बँकेतून रिटायर झालेले, 2020 मध्ये 64 व्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसला लागले. ही बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर आलेली तेव्हा मी नुसता अंगठा टाकून पुढे गेले होते.

मी तेव्हा हॉस्पिटल सॉफ्टवेअरच्या कंपनीत होते. इम्प्लिमेंटेशन, म्हणजे तालुक्या-तालुक्याच्या हॉस्पिटलात जायचं आणि नर्स, क्लार्क, रिसेप्शनच्या मुलींना बिलिंग आणि डिस्चार्जचे स्क्रीन शिकवायचे. शिकवून झालं की खरं तर लॉजवर जाऊन रिपोर्ट लिहायचा, पण मी राऊंड चालू असला की वॉर्डात रेंगाळायचे. डॉक्टर पेशंटच्या पोटाला हात लावून काय शोधतायत ते कळावं असं फार वाटायचं. एवढंच कारण आहे, याहून भारी स्टोरी माझ्याकडे नाही, लोकांना कुणीतरी गेल्याची वगैरे स्टोरी हवी असते.

बारावीला आमच्या कॉलेजात निम्मी पोरं बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर क्रॉप सायन्स घ्यायची, दोनशे मार्कांचा स्कोअरिंग विषय म्हणून. माझ्या आईने हट्टाने बायो ठेवायला लावलं, त्या हट्टावर मी आज इथे आहे. ज्यांनी तेव्हा बायो सोडलं त्यांनी पण लगेच हिरमुसू नका, बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डाकडून पास केलं तरी चालतं असं एनएमसीने 2023 मध्ये मान्य केलंय.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते. 180 प्रश्न, 720 मार्क, त्यातले अर्धे बायोचे, चुकलं की एक मार्क वजा. एनसीईआरटीची पुस्तकं पाठ म्हणजे अक्षरशः पाठ, आकृतीखालच्या ओळीसकट. मी पहाटे चारला उठायचे, साडेसातला पोराचा डबा, नऊला लॉगिन. 2024 ला बसले, मार्क छान आले आणि मग कळलं की त्या वर्षी सगळ्यांनाच छान आलेत! पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720, मग ग्रेस मार्कांचा घोळ, 1563 जणांची फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट, आणि रँक अशी फुगलेली की आदल्या वर्षी ज्या मार्कांवर सरकारी सीट मिळत होती त्यावर काहीच मिळेना. 2025 ला उलटं झालं, फिजिक्सने पोरं रडली, देशात पहिला आला त्याला 686 होते. इंजिनिअरिंगचं फिजिक्स अजून डोक्यात शिल्लक असल्याने मी तरले. मग सीईटी सेलचे कॅप राऊंड, म्हणजे राज्याच्या प्रवेशाच्या फेऱ्या, रोज रात्री कटऑफच्या पीडीएफ, आणि शेवटी घरापासून एसटीने चार तासांवरचं सरकारी कॉलेज.

आता हप्त्यांचं. फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला होता, माझा पगार बंद. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, वर एक वर्ष बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. इंटर्नला राज्यात महिना 18 हजार स्टायपेंड मिळतो, तोपर्यंत शून्य. नवऱ्याने आणि मी एक एक्सेल शीट केली, त्यात गाडी विकणे, माझा पीएफ, पोराची शाळा, सासूबाईंची औषधं असं सगळं टाकलं, आणि ज्या दिवशी ती शीट कशीबशी शून्याच्या वर राहिली त्या दिवशी मी राजीनामा लिहिला. प्रायव्हेट कॉलेजच्या फीचा आकडा त्याच शीटमध्ये टाकून बघितला होता, पाचच मिनिटांत डिलीट केला. तुमच्याकडे अशी शीट नसेल तर क्लास लावण्याआधी ती करा, मोटिव्हेशनचे व्हिडिओ नंतर बघा. आणि बाई असाल तर त्यात पोराला कोण बघणार हा कॉलम सगळ्यात आधी घाला, कारण पुरुषांना हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि आपल्याला चहावाला पण विचारतो.

कॉलेजात कसं वाटतं? अ‍ॅनाटॉमीचे एक असिस्टंट प्रोफेसर माझ्यापेक्षा लहान आहेत, त्याचं काही नाही वाटत. पण सेकंड इयरच्या वीस वर्षांच्या मुलाला 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचं, हे मात्र अवघड गेलं. तोच बिचारा लाजून 'ताई, नका ना' म्हणाला. आमच्या शवविच्छेदनाच्या टेबलावरची पोरं पण ताईच म्हणतात, आणि घरी भांडण झालं की रात्री माझ्या खोलीत येऊन रडतात.

पाठांतरात मी त्यांच्या मागे आहे, हे स्पष्ट सांगते. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे खांद्यातून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, त्यांनी एका संध्याकाळी पाठ केला, मी आठवडाभर वहीत काढत बसले होते. पण कार्पल टनेल शिकवताना वेगळंच झालं. मनगटातल्या त्या अरुंद बोगद्यातून नऊ टेंडन आणि मीडियन नर्व्ह जाते, नर्व्ह दाबली गेली की अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग यात मुंग्या येतात, करंगळीत येत नाहीत कारण तिची नर्व्ह वेगळी. माझ्या उजव्या हाताला माऊस धरून धरून कितीतरी वर्षं अशाच मुंग्या यायच्या आणि करंगळीच तेवढी ठीक का, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! फॉर्मलिनने डोळे चुरचुरत होते आणि मी एकटीच हसत होते.

पीजी, म्हणजे एमडी-एमएस, कधी करणार, हा पुढचा प्रश्न. बहुतेक नाही करणार. बॉण्ड संपेल तेव्हा मी बेचाळिशीत असेन, पुढे परत नीट पीजी आणि तीन वर्षं रेसिडेन्सीच्या नाईट, ते गणित आमच्या शीटमध्ये बसत नाही. मला तालुक्याच्या ठिकाणी ओपीडी करायची आहे. यावर आमच्या एका नातेवाईकांनी 'नुसतं एमबीबीएस?' असं विचारलं, त्यांना बीपीच्या गोळ्या एक नुसता एमबीबीएसच लिहून देतो.

नोकरीच्या वयाचं टेन्शन होतंच, कारण एमपीएससीच्या बऱ्याचशा भरतीत खुल्या वर्गाला 38 ची अट असते. पण एनएचएमच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या, कंत्राटी भरतीच्या जाहिरातींत एमबीबीएस डॉक्टरला 70 पर्यंत वय चालतं असं लिहिलेलं असतं. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून जाहिरात स्वतः एकदा वाचली आणि म्हणाल्या, "मग आत्ता कशाला घाई करतेस, आधी पोराला गणित शिकव, त्याला सहामाहीत बारा पडलेत."